स्की घेऊन मोकळ्या डोंगरात: आदल्या संध्याकाळपासून परतीपर्यंत

बॅककंट्री स्कीइंगच्या, म्हणजे लिफ्ट आणि तयार उतार सोडून मोकळ्या डोंगरात केलेल्या स्कीइंगच्या, व्हिडिओंत जे दिसत नाही ते आधी सांगतो. सात तासांच्या दिवसात उतरणं जेमतेम तासाभराचं असतं. बाकीचा वेळ चढण्यात, स्कीखालच्या चढणीच्या पट्ट्या, म्हणजे स्किन, लावण्या-काढण्यात, थांबून समोरचा उतार न्याहाळण्यात आणि पुढे जायचं की नाही हे ठरवण्यात जातो. त्यामुळे मला हा प्रकार रिसॉर्टच्या स्कीइंगपेक्षा बर्फातल्या लांब ट्रेकच्या जास्त जवळचा वाटतो. ज्यांच्या पायांना डोंगराची सवय आहे त्यांना निम्मं काम येतंच: दम राखून चालणं, सॅक बेताची भरणं, नकाशा वाचणं, अंधाराच्या आत खाली येणं. उरलेल्या निम्म्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं हिमस्खलन हे प्रकरण असं आहे की तिथे चुकत-माकत शिकण्याची सोय नाही.

तयार उतारांवर ज्यांना बऱ्यापैकी स्की करता येतं आणि आता लिफ्ट सोडून डोंगरात शिरायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. हिमस्खलनाचा दोन-तीन दिवसांचा प्रत्यक्ष कोर्स करा, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. फावडं कसं मारायचं हे वाचून कळतं, पण हाताला येत नाही.

सगळ्या तयारीमागचं सूत्र एकच: महत्त्वाचे निर्णय जितक्या खाली आणि जितक्या लवकर घेता येतील तितके घ्या. माथ्याच्या शंभर मीटर खाली, बोटं गारठलेली असताना आणि बरोबरचे पुढे सरकलेले असताना कुणाचंच डोकं धड चालत नाही. स्विस गाइड वेर्नर मुंटर यांनी हेच पद्धतशीर मांडलं. परिस्थिती, भूप्रदेश आणि माणसं या तीन गोष्टी तीनदा तपासायच्या: घरी, पायथ्याशी आणि प्रत्यक्ष त्या उतारासमोर. पुढची मांडणी साधारण त्याच क्रमाने केली आहे.

सामान

पैसे मोजके असतील तर आधी बुटांवर घाला. टूरिंग बुटाच्या मागे एक खटका असतो. तो सोडला की घोटा मोकळा पुढेमागे हलतो, लावला की बूट उतरणीसाठी ताठ होतो. हजार मीटर चढताना पाय तीच हालचाल हजारो वेळा करणार, तेव्हा टाच आतल्या आत उचलली जाता कामा नये. दुकानात बूट घालून अर्धा तास फिरा, जिना चढा-उतरा. टाच हलते आहे असं नुसतं वाटलं तरी तो बूट नको, मग त्याचा रंग कितीही आवडो.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी पकड, शक्यतो पिनचं घ्या. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८०च्या दशकात आणलेली ही रचना आता सगळीकडे रुळली आहे: बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या खाचा, त्यांत दोन पिना बसतात आणि टाच मोकळी राहते. चढताना पुढचा खटका वर ओढून पिना कुलूपबंद करतात, नाहीतर वळताना स्की निघून येते. पण कुलूप लावलेलं असताना स्की पडल्यावरही सुटत नाही. उतरण्याआधी ते काढलं आहे ना, हे तोंडाने म्हणून आणि हात लावून तपासायची सवय लावा.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. पूर्वी ती सीलच्या कातडीची असे, आता मोहेर (अंगोरा शेळीची लोकर), नायलॉन किंवा दोन्हींच्या मिश्रणाची असते. केस मागच्या दिशेने झुकलेले असतात, म्हणून स्की पुढे घसरते आणि मागे धरून राहते. मोहेर हलकी घसरते, नायलॉन जास्त टिकते. सुरुवातीला मिश्रण ठीक. कापताना दोन्ही बाजूंना स्कीची लोखंडी धार उघडी राहील एवढी रुंदी ठेवा. धार झाकली गेली तर कडक बर्फावर तिरकं जाताना स्की खाली सटकते.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधण्यासाठी सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून बघायची लांब काठी) आणि फावडं या तीन गोष्टी प्रत्येकाकडे हव्यात. गटात मिळून नव्हे, प्रत्येकाकडे. आपल्याकडचं फावडं दुसऱ्याला बाहेर काढायला असतं. आपल्याला काढायला दुसऱ्याकडचं लागतं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा, तीन अँटेनांचा असावा. प्रोब किमान २४० सेंटीमीटरचा, आणि फावड्याचं पातं धातूचंच. स्खलन थांबलं की बर्फ इतका घट्ट बसतो की प्लास्टिकचं पातं मोडतं. स्खलनात फुगवायच्या एअरबॅगच्या सॅकने गाडलं जाण्याची शक्यता कमी होते, पण झाडांवर किंवा कड्यावरून फेकलं गेल्यावर तिचा उपयोग नाही. ती या तिघांच्या जोडीला घ्यावी, त्यांच्याऐवजी नव्हे.

दुरुस्तीची छोटी पिशवी सगळ्यांत मिळून एक पुरते: बाइंडिंगला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर, थोडी तार, चिकटपट्टी आणि तीन-चार रबरी स्की स्ट्रॅप. चिकटपट्टीचा रोल नेऊ नका, काठीच्या दांड्याला चार वेढे गुंडाळून ठेवा. स्की स्ट्रॅपसारखी कामाची वस्तू दुसरी नाही. सुटलेली स्किन, तुटलेला बकल, मोडलेली काठी, काहीही बांधता येतं.

आदल्या संध्याकाळी

पहिलं काम हिमस्खलनाचं पत्रक वाचणं. बर्फाच्या बऱ्याच डोंगराळ भागांत हिवाळाभर ते निघतं. धोका १ ते ५ असा मोजतात: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिशय जास्त. आकडा बघून पत्रक बंद करणारे पुष्कळ असतात. खरी माहिती त्याच्या खाली असते. धोका कोणत्या दिशेच्या उतारांवर आहे, किती उंचीच्या वर आहे आणि कशामुळे आहे: ताजा बर्फ, वाऱ्याने साठवलेला बर्फ, आत दडलेला जुना कच्चा थर की उन्हाने ओला झालेला बर्फ? यांतल्या प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी. वाऱ्याने साठलेला बर्फ डोळ्यांना दिसतो, टाळता येतो. दडलेला थर दिसत नाही आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो.

आकडे सरळ रेषेत वाढत नाहीत. ३ म्हणजे पाचांपैकी मधला, म्हणजे बरा, असं मनाला वाटतं आणि तिथेच घात होतो. जीवघेणे अपघात सर्वांत जास्त याच पातळीला होतात, कारण ४ आणि ५ला शहाणी माणसं घरी बसतात.

दुसरं काम उतार मोजणं. पाटासारखा अख्खा थर सुटतो ती स्खलनं बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. नेमकी स्कीला मजा येते तीही तिथेच, आणि सगळं दुखणं यातच आहे. डिजिटल नकाशांत उताराप्रमाणे रंग भरलेले मिळतात. कागदी नकाशावर समोच्च रेषांवरून काढता येतं: १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात रेषा २० मीटरच्या असतील, तर दोन रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटरच्या आत आलं की उतार ३० अंशांच्या वर गेला. पट्टी लावून दोन-चार ठिकाणी मोजलंत की पुढे डोळ्यांनाच कळू लागतं.

पत्रक आणि उतार यांची सांगड घालायला मुंटर यांचा एक सोपा नियम आहे. धोका २ असेल तर ४० अंशांच्या आत राहा, ३ असेल तर ३५च्या आत, ४ असेल तर ३०च्या आत. ५ला जायचं नाही. धोका जितका वाढेल तितका जास्त परिसर धरायचा: २ला आपल्या रेषेच्या आसपास, ३ला अख्खा उतार, ४ला वरचा-खालचा सगळा. नवख्यांना मी याहून कडक सांगतो. पहिला हंगाम ३० अंशांच्या आत काढा, आणि आपल्या डोक्यावरही त्याहून तीव्र काही नको. २५ अंशांवर ताज्या बर्फात भरपूर मजा येते; येत नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुधा करून पाहिलेलं नसतं.

तिसरं काम वेळेचं गणित. तेही मुंटर यांचंच. अंतराचे किलोमीटर घ्या, त्यात चढाईच्या मीटरांना शंभराने भागून येणारा आकडा मिळवा. चढायला त्या बेरजेला ४ने भागा, स्कीवर उतरायला १०ने. सहा किलोमीटर आणि नऊशे मीटर चढ असेल तर ६ अधिक ९ म्हणजे १५. चढायला पावणेचार तास, उतरायला दीड. यात थांबे, फोटो आणि कुणाची तरी सुटलेली स्किन धरलेली नाही, तेव्हा तासभर वर टाका. पायी उतरणीला किंवा सपाटीला ६ने भागतात, त्यामुळे बर्फ नसलेल्या लांब वाटेलाही हेच सूत्र चालतं. पहिल्या दोन-तीन वाऱ्यांत आपला खरा वेळ लिहून ठेवलात की भागाकाराचा आकडा स्वतःपुरता दुरुस्त करता येतो.

यातून निघते ती परतीची वेळ. ‘बारापर्यंत माथा नाही आला तर जिथे असू तिथून वळायचं.’ ही वेळ लिहून सगळ्यांना पाठवा. जोडीला एक दुसरी, सौम्य वाटही आखून ठेवा. पर्याय आधीच ठरलेला असला की सकाळी बेत बदलताना कुणाला माघार घेतल्यासारखं वाटत नाही. घरी राहणाऱ्या एकाला वाट, गटातली नावं आणि ‘या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर मदतीला कळव’ ही वेळ द्या.

माणसांचा विचार शेवटी येतो आणि तोच सगळ्यात घाईत उरकला जातो. तीन ते पाच जणांचा गट चांगला. दोघांत एक गाडला गेला तर उकरायला एकटाच उरतो. सात-आठ झाले की बोलणं पोचत नाही, आणि प्रत्येकाला वाटतं की विचार दुसरा कुणीतरी करतो आहे.

पायथ्याशी

गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. रात्रीत पत्रकापेक्षा जास्त बर्फ पडलाय का? धारेवरून बर्फाचा धूर उडतोय का? तो दिसला की वारा बर्फ उचलून पलीकडच्या, वाऱ्याआडच्या बाजूला नेऊन टाकतो आहे, आणि तो ढीग म्हणजे उद्याचं नव्हे, आजचं संकट. समोरच्या एखाद्या उतारावर ताजं स्खलन दिसलं तर ती डोंगराने स्वतः दिलेली बातमी. त्यापुढे पत्रकाची गरज नाही.

मग ट्रान्सीव्हरची तपासणी. एक जण शोधण्याच्या मोडवर ठेवून पुढे उभा राहतो, बाकीचे पाठवण्याच्या मोडवर ठेवून एकेक करून त्याच्यासमोरून जातात. शेवटी त्याचाही तपासला जातो. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते कधीही वगळायचं नाही. फोन, स्मार्ट घड्याळ, गरम होणारे हातमोजे यांनी ट्रान्सीव्हरमध्ये गडबड होते. पाठवताना ही साधनं किमान २० सेंटीमीटर लांब आणि शोधताना ५० सेंटीमीटर लांब ठेवा. म्हणजे ट्रान्सीव्हर छातीवर आणि फोन पँटच्या खिशात.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. गाडीपाशी उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घामाघूम व्हाल, आणि तोच घाम माथ्यावरच्या वाऱ्यात अंगावर गारठेल. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर पातळ जॅकेट, एवढंच घालून निघा. फुगीर जॅकेट सॅकमध्ये अगदी वर. सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा नाही.

चढण

नवखा माणूस ओळखू येतो तो पाय उचलण्यावरून. स्की उचलायची नसते, बर्फावरून सरकवायची असते. टाच उचलली जाते, गुडघा पुढे येतो, आणि स्की घासत पुढे जाते. प्रत्येक पावलाला दीड-दोन किलो वजन उचलायचं की नुसतं ढकलायचं, हा फरक चार तासांत मांड्यांना चांगलाच कळतो. स्किन मागे घसरायला लागली की बहुतेक जण पुढे झुकतात आणि आणखी घसरतात. उलट करा: कंबर सरळ, वजन टाचेवर, म्हणजे स्किनचा जास्तीत जास्त भाग बर्फावर दाबला जातो.

टाचेखाली उंची देणारी पट्टी असते. चढ वाढला की ती वर करता येते, पण तिची फार चटक लागू देऊ नका. सारखी सर्वांत उंच पट्टी लागत असेल तर वाट उभी पडते आहे. चांगली वाट एकसारख्या चढाची असते आणि बोलत-बोलत चढता येईल इतकी मवाळ. तासाला तीनशे-चारशे मीटर उंची मिळाली तर हौशी गटासाठी उत्तम. वाट पाडणारा माणूस दर पंधरा-वीस मिनिटांनी बदला. भुसभुशीत बर्फात पुढच्याचा दम निघतो.

नागमोडी वळणाला किक टर्न लागतो, आणि नवख्यांचं घोडं इथेच अडतं. आधी दोन्ही स्की उताराला आडव्या, अगदी सपाट करून घ्या. वरची काठी मागे, खालची पुढे रोवा. वरची स्की उचलून नव्या दिशेला फिरवा आणि पुन्हा आडवीच टेकवा. वजन तिच्यावर पूर्ण जाऊ द्या. आता राहिली मागची स्की: तिचं टोक खाली लोंबतं आणि शेपूट वरच्या बुटाला अडकते. पाय जरा उचलून टाचेने मागे एक छोटा झटका द्या. टोक उसळून वर येतं, आणि त्याच क्षणी पाय फिरवायचा. झटका आणि फिरवणं यांत अंतर पडलं की स्की पुन्हा लोंबते. हे घरामागच्या सपाट बर्फावर किंवा सौम्य उतारावर पन्नास वेळा घोटून घ्या, ४० अंशांवर पहिल्यांदा करू नका.

स्किनच्या कटकटी दोन. थंडीत गोंदावर बर्फ बसला की ती चिकटत नाही. म्हणून काढलेली स्किन सॅकमध्ये कोंबायची नाही, जॅकेटच्या आत पोटाशी ठेवायची. अंगाच्या उबेने गोंद पुन्हा जागा होतो. उन्हात उलटा त्रास: ओल्या बर्फातून सावलीत शिरलं की केसांवर बर्फाचे गोळे जमतात आणि प्रत्येक पायाला एकेक वीट बांधल्यासारखं होतं. त्यासाठी स्किनचं मेण मिळतं, निघण्याआधी केसांच्या दिशेने घासा. वाटेत जमलेच तर दुसऱ्या स्कीच्या धारेवर खरवडून काढा.

सकाळचा बर्फ काचेसारखा कडक असेल तर स्की क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीला लावायचे दातेरी पत्रे, लवकर लावा. घसरू लागल्यावर, उभ्या उतारावर एका पायावर उभं राहून ते लावणं म्हणजे आगीत उभं राहून विहीर खणणं.

उतारासमोर

इथे तिसरी तपासणी. पाटाचं स्खलन व्हायला वर एकसंध थर, खाली कच्चा थर, पुरेसा उतार आणि एक धक्का लागतो. जीव घेणाऱ्या स्खलनांत बहुतेक वेळा तो धक्का अडकलेल्याने स्वतः किंवा त्याच्या गटातल्या कुणीतरी दिलेला असतो. डोंगर अचानक अंगावर कोसळला, असं क्वचितच घडतं.

बर्फ काही खुणा देतो. पायाखाली ‘व्हूम्फ’ असा दबका आवाज येऊन अख्खा बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटला, तर कच्चा थर आत्ताच मोडला. स्कीच्या टोकापासून तडा पळत गेला, तर तेच. या दोन्हींवर चर्चा करायची नसते, सौम्य उताराकडे वळायचं असतं. दडलेला थर फार नाजूक असेल तर पायथ्याच्या सपाटीवरून दिलेला धक्काही वरचा उतार सोडवतो. म्हणून ‘आपण तर खालून चाललोय’ हे कारण पुरत नाही. एका रात्रीत ३० सेंटीमीटर बर्फ, जोडीला वारा, किंवा एकदम चढलेलं तापमान हे बाकीचे इशारे. वादळानंतरचा पहिला लख्ख दिवस फसवा असतो. वर निळं आकाश, खाली अजून न बसलेला बर्फ.

उताराचा आकारही बघा. सोंडेवरून जाणं घळीतून जाण्यापेक्षा कधीही बरं. घळ, नाळ, ओढ्याचं पात्र, खाली एकदम सपाट होणारा खळगा अशा जागी छोटंसं स्खलनही माणसाला दोन-तीन मीटर खोल गाडतं, कारण बर्फाला पसरायला जागा नसते. खाली कडा किंवा दाट झाडी असेल तर गाडलं जाण्याआधीच मार बसतो. प्रत्येक उतारापाशी एकच प्रश्न विचारा: हा सुटला तर मी कुठे जाऊन पडेन? धारेवर वाऱ्याने पुढे आलेली बर्फाची पडवी, म्हणजे कॉर्निस, वाटते त्यापेक्षा खूप मागून तुटते. तिच्या टोकावर फोटोसाठी जाऊ नका आणि तिच्याखाली बसून डबाही उघडू नका.

आता माणसं. अमेरिकी संशोधक इयन मॅकॅमन यांनी ७००हून अधिक अपघातांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की धोक्याच्या खुणा बहुतेकांसमोर होत्या, आणि प्रशिक्षण घेतलेली माणसंही त्यांत होती. उतार ओळखीचा होता, आधीच्या गटाच्या रेषा दिसत होत्या, माथा गाठायचाच होता, किंवा गटात एक ‘जाणकार’ होता म्हणून बाकीचे गप्प बसले. यावर मला एकच उपाय कामाचा वाटतो: बोलायची सुरुवात गटातल्या सगळ्यात नवख्याने करायची, आणि एकाचा जरी नकार आला तरी सगळ्यांनी वळायचं. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. नॉर्वेच्या डोंगरनियमांत ‘परत फिरण्यात लाज नाही’ असं वाक्यच आहे.

उतरताना

माथ्यावर फुगीर जॅकेट आधी, बाकी सगळं नंतर. स्किन काढा, घडी करून पोटाशी ठेवा, बूट ताठ करा, पिनांचं कुलूप काढा, काठ्यांचे पट्टे मनगटातून सोडा. पट्टे अडकलेले असले की स्खलनात काठ्या हाताला खाली ओढतात.

शंका असलेल्या उतारावर एका वेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर डोळा ठेवतात, आणि तोही उताराच्या मध्येच दम खात थांबत नाही. सोंडेवर किंवा उताराच्या बाहेर थांबतो. वसंतातला बर्फ रात्री गोठतो आणि दिवसा वरून वितळतो. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर मऊ झाला की उतरायची वेळ झाली. पूर्वेचा उतार आधी तयार होतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला म्हणजे उशीर झाला. म्हणून वसंतात पहाटे चारला निघून दुपारच्या आत खाली यायची रीत आहे.

कुणी गाडलं गेलं तर

पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण साधारण एक-तृतीयांशावर येतं. म्हणजे हेलिकॉप्टर कितीही जवळ असो, वाचवणार ते तुम्हीच.

वाहून जाणाऱ्याला शेवटचं कुठे पाहिलं ती जागा डोळ्यात धरा. पुन्हा काही सुटण्याचा धोका आहे का ते बघा, मग सगळ्यांचे ट्रान्सीव्हर शोधण्याच्या मोडवर करा. एकाचाही पाठवत राहिला तर सगळे त्याच्याकडेच जातील. गटात माणसं पुरेशी असतील तर एक जण मदतीसाठी फोन करतो. शोधणारा शेवटच्या जागेपासून खालच्या दिशेने, सिग्नल मिळेपर्यंत भराभर जातो. वर दिसणारा हातमोजा, काठी, स्की यांच्याकडेही लक्ष ठेवतो. सिग्नल मिळाला की पडद्यावरच्या बाणाच्या मागे. अंतराचा आकडा तीन मीटरच्या खाली आला की गती एकदम कमी करा, ट्रान्सीव्हर बर्फाला लागेल इतका खाली धरा, आणि आडवा-उभा हलवून सर्वांत छोटा आकडा शोधा. तिथून २५ सेंटीमीटरच्या अंतराने, गोल वाढवत प्रोब टोचत जा. प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात घालायचा, सरळ उभा नव्हे. माणूस लागला की प्रोब उपसायचा नाही, तिथेच ठेवायचा.

खोदायला सरळ प्रोबपाशी सुरू करू नका. प्रोबवरच्या खोलीच्या आकड्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरका आणि तिथून आत शिरा. बर्फ उचलून फेकायचा नाही, मागे ढकलायचा. बाकीचे मागे पाचराच्या आकारात उभे राहून तो खाली सारतात, आणि दर मिनिटाला पुढचा माणूस बदलतो. तोंड आणि छाती आधी मोकळी करा, श्वास बघा, गरज असेल तर कृत्रिम श्वास लगेच, बाकीचं अंग नंतर.

हे सगळं हंगामाच्या सुरुवातीला सॅकमध्ये ट्रान्सीव्हर घालून, ती सॅक पुरून, घड्याळ लावून करून बघा. पहिली वेळ बघून धक्का बसेल.

फोन लागत नसेल तर जुनी खूण लक्षात ठेवा: मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा दिव्याची उघडझाप, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटाला तीनदा उत्तर आलं तर तुमचं कळलं आहे.

थंडी आणि पोट

थंडीत तहान कळत नाही, आणि पाण्याच्या पिशवीची नळी सगळ्यात आधी गोठते. बाटली न्या आणि सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठत जातं, त्यामुळे बर्फ बुडाशी जमतो आणि तोंड उघडं राहतं. खाणं असं हवं की हातमोजा न काढता तोंडात टाकता येईल आणि गोठून दगड होणार नाही. दर तासाला थोडं, भूक लागायच्या आधी.

नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर पांढरा डाग स्वतःला दिसत नाही. जोडीदाराने दर थांब्याला तोंडाकडे बघायचं. डाग दिसला तर उबदार तळहात लावा, बर्फाने चोळू नका. बोटं खरोखर गोठली असतील आणि वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर ती वाटेत वितळवायची नाहीत. एकदा वितळून पुन्हा गोठलेली बोटं जास्त जातात. कुणी अडखळायला, पुटपुटायला, हातातल्या वस्तू पाडायला लागला तर त्याचं शरीर थंड पडत चाललं आहे. ‘मी ठीक आहे’ हे त्याचं म्हणणं तेव्हा धरायचं नाही.

मुक्कामाच्या वाटा

एका दिवसाचं जमलं की मन लांबच्या वाटांकडे धावतं. शामोनी ते झेरमॅट ही आल्प्समधली ‘ओत रूट’ सर्वांत नावाजलेली. ती १९११ मध्ये पहिल्यांदा स्कीवरून झाली, आणि आज झोपड्यांत मुक्काम करत सहा-सात दिवसांत होते. पण तिच्यात हिमनद्या आहेत, म्हणजे हार्नेस, दोर आणि हिमभेगेतून माणूस वर ओढण्याचा सराव हवा. सुरुवात दोन रात्रींनी करा, आणि ती एकाच झोपडीत राहून. सामान तिथेच ठेवून दोन दिवस वेगवेगळ्या बाजूंना जाता येतं, आणि हवामान बिघडलं तर पुढची खिंड ओलांडायचं ओझं नसतं.

पुढे वाट आखताना प्रत्येक मुक्कामावरून खाली दरीत उतरायची सोपी वाट कुठे आहे ते नकाशावर आधीच रंगवून ठेवा. ज्या मुक्कामाला अशी वाट नाही, तिथे फक्त पक्क्या हवामानात जायचं. सहा दिवसांच्या वाटेला आठ दिवसांची सुट्टी घ्या. परतीचं तिकीट उद्याचं असलं की ३५ अंशांचा उतार ३० अंशांचा दिसायला लागतो.

सॅक दहा-बारा किलोच्या वर गेली की उतरताना वळणं बिघडतात. वजन कपड्यांत कमी करा, उबदार जॅकेट आणि सुरक्षेच्या सामानात नाही. ३,००० मीटरच्या वर गेलात तर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढा. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर वर जायचं नाही. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो वा पहाट, खाली उतरायचं.

पायाचा फोड हा लांबच्या वाटेचा खरा वैरी. टाचेला नुसतं गरम लागल्याचं जाणवलं की तिथेच थांबा, बूट काढा, पट्टी चिकटवा. पुढच्या थांब्याला बघू म्हणणारा तिसऱ्या दिवशी बूट घालताना दात-ओठ खातो.

मुक्कामावर पोचल्यावर पाय पसरण्याआधी बुटांचे आतले अस्तर काढून वाळत घाला आणि स्किन उघडून टांगा, पण चुलीजवळ नको, गोंद वितळतो. सगळे ट्रान्सीव्हर बंद करा आणि बॅटरीचा आकडा वाचून घ्या. मग चहा, आणि चहाबरोबर उद्याचं पत्रक, उद्याचा नकाशा, उद्याची परतीची वेळ. रात्री झोपडीत वारा वाजायला लागला की बेत बदलावासा वाटतो. दुसरी वाट संध्याकाळीच ठरलेली असेल तर पहाटे फक्त कोणती घ्यायची एवढंच बोलायचं उरतं.